शैलाअक्काचा झेला

शैलाअक्का गेल्याचा बाबांचा फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या स्क्रीनवर, तिच्या सॉफ्टवेअरच्या पानावर, तिलाच उद्देशून आलेला एक प्रश्न उघडा होता. कुठल्याशा दूरच्या देशातल्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘प्रिय शैला, झेला माझ्या फाइलवर अडकतोय. वेळ मिळेल तेव्हा बघाल का?’ बाबा म्हणाले, “अश्वे, अक्का सकाळी गेली. तू ये.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. बंगळुरूला मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे शेजारी बसणाऱ्या मुलीने काय झालं म्हणून विचारलं. गावाला जायचंय, एवढंच मी सांगितलं. अक्का माझी कोण होती हे सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती. पिशवी भरली, मशीन बंद केलं. प्रश्न तसाच राहिला... दांडेलीला उतरून जोयड्याच्या गाडीत बसले तरी डोक्यात तेच वाक्य घोळत होतं. वेळ मिळेल तेव्हा बघाल का.

शैला माझी चुलत बहीण, पण वयाने इतकी मोठी की मी बालवाडीत असताना ती नोकरीला लागली होती. आमचं घर रामनगरच्या बाजारात. बाबांचं कापडाचं दुकान रस्त्यालाच आहे आणि गोव्याकडे जाणारे ट्रक दिवसभर त्याच्यासमोरून जातात. अक्काचं घर जोयड्याच्या पुढे, गाडीरस्ता सोडून थोडं आत. पुढे भाताची खाचरं, परसात मिरीचे वेल आणि त्याच्यामागे लगेच रान. ती गावच्या शाळेत शिकली, धारवाडला जीवशास्त्र शिकली आणि मग कुणी न शिकवता कॉम्प्युटर शिकली. बंगळुरूला चांगली नोकरी करत होती. माझे काका, म्हणजे तिचे वडील, वारले आणि काकी एकटी राहिली. काकीला शहरात नेऊन पाहिलं, पण तिला तिथे करमेना. बाल्कनीत उभी राहून ती खालच्या माणसांना हाका मारायची म्हणे, कुणी वर बघायचं नाही. शेवटी अक्काच परत आली. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली, पण घरात रेंज नव्हती. ती सकाळी घरी बसून काम करायची आणि दुपारी स्कूटरवरून जोयड्याच्या अलीकडच्या चढावर जायची. तिथे एका मोरीच्या कठड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलं की काम पाठवता यायचं. येणारेजाणारे जीपवाले तिला ओळखायला लागले होते. “अक्का, मिळाली काय गं रेंज?” असं ओरडत जायचे. ही नुसता हात वर करायची.

तिचं काम काय, हे आमच्या नात्यात कुणालाच नीट कळलं नाही. उळवीच्या जत्रेला जाताना खानापूरकडचे पाहुणे तिच्या घरी एक दिवस टेकायचे, तेव्हा अंगणात हा विषय हमखास निघायचा. डीएनए म्हटलं की आमच्याकडे एकच गोष्ट माहीत, पोर कुणाचं ते ठरवायची चाचणी. एकदा आप्पा म्हणून आमचे एक थोरले नातेवाईक पान लावत म्हणाले, “शैले, तुझ्या मशिनीत घालून बग की, आमच्या म्हशीचा रेडा कुणाचा हाय त्यो.”

“त्याला चाचणी कशाला, आप्पा?” अक्का म्हणाली. “दिवसभर सावलीत बसून चघळत असतोय. तुमच्यावरच गेलाय की.”

सगळं अंगण हसलं, सगळ्यात मोठ्याने आप्पाच हसले. मी कोपऱ्यात बसून बघत होते. मी बेळगावला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. घरच्या माणसांत बसलं की माझं तोंड उघडायचं नाही. माझी वाक्यं पुस्तकातल्यासारखी यायची आणि लगेच कुणीतरी “बोला, इंग्लिशबाई” म्हणायचं. त्या दिवशी सगळे हसत असताना अक्काने मला खुणेने आत बोलावलं. तिच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर दोन स्क्रीन. ती म्हणाली, “हे वाच जरा. माझं इंग्लिश म्हंजे नुसतं दगडगोटे. लोकांस्नी टोचत असणार.”

ते तिने स्वतः लिहिलेल्या एका सॉफ्टवेअरचं माहितीपत्रक होतं. मी बारावीत होते. मला त्यातलं अर्धंसुद्धा समजेना. तेव्हा तिने मला जे समजावलं, ते मी आजही नव्या मुलांना तसंच सांगते. कुठल्याही जिवाचा जीनोम म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला एक अफाट लांब मजकूर. त्यात शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही, पानं नाहीत. अभ्यास करणाऱ्याला त्यातला एखादाच तुकडा हवा असतो, एखाद्या गुणामागचा किंवा रोगामागचा. मग तो पत्ता देतो, अमक्या अक्षरापासून तमक्या अक्षरापर्यंत, आणि सॉफ्टवेअर तेवढाच तुकडा काढून हातात देतं. “एक आंबा पाहिजे म्हणून कोण झाड पाडतंय काय?” अक्का म्हणाली. “काठीला बांधलेला झेला वर न्यायचा, तेवढाच खुडायचा आणि न आपटता खाली आणायचा. एवढंच करतंय हे.” म्हणून तिने त्याचं नाव झेला ठेवलं होतं. अशी हत्यारं इतरही आहेत, तिच्यापेक्षा वेगवान आहेत. तिने झेला नोकरीबाहेरच्या वेळात बनवला आणि कुणीही फुकट वापरावा म्हणून इंटरनेटवर ठेवून दिला. त्याच्याच शेजारी एक पान होतं. वापरणारे तिथे अडचणी लिहायचे आणि ती उत्तरं द्यायची.

मी पत्रक वाचून इंग्रजी सरळ केलं. शेवटी तिने लिहिलं होतं, ‘खात्री नसेल तर कापू नका. मला विचारा.’ मी म्हटलं, हे जरा घरगुती वाटतं, असं कुणी लिहीत नाही. ती म्हणाली, “बाकी सगळं तुझं ठेव. एवढं माझं ऱ्हाऊ दे.”

तिच्या या ओळीमागे एक घटना होती, ती मला पुढे काही वर्षांनी कळली. मी तिच्यामुळेच या विषयाकडे वळले होते आणि सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले होते. या कामात एक विचित्र गोष्ट आहे. काही फाइलींमध्ये अक्षरं एकापासून मोजतात, काहींमध्ये शून्यापासून. मला ते डोक्यात बसेना तेव्हा अक्का मला बाहेर खाचरांकडे घेऊन गेली. “खाचरं मोज.” मी मोजली. “आता बांध मोज.” मी मोजले, आकडा वेगळा आला. “शेत तेच हाय नव्हं? काही लोक खाचरं मोजतात, काही बांध. दोघंही बरोबर. पण बांधाचा आकडा घेऊन खाचर शोधायला गेलीस तर शेजाऱ्याच्या शेतात पाय पडतोय.” जीनोममध्ये हे एकाच अक्षराने चुकतं. पण तो मजकूर तीन-तीन अक्षरांच्या घोटांत वाचायचा असतो, त्यामुळे सुरुवात एका अक्षराने सरकली की पुढचं सगळं वाचन बिघडतं. आणि वाईट म्हणजे काही तुटल्यासारखं दिसत नाही. तुकडा मिळतो, लांबी ठीक असते, माणूस पुढच्या कामाला लागतो.

एका विद्यार्थ्याचं नेमकं हेच झालं होतं. बांध मोजलेली फाइल त्याने खाचरं मोजणाऱ्या झेल्याला दिली, आणि जवळजवळ वर्षभर चुकीच्या तुकड्यांवर काम केलं. पत्रकात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, चूक त्याचीच होती. पानावर इतरांनी त्याला तसं सुनावलंही. अक्काने मात्र दुरूनच त्याचे सगळे तुकडे पुन्हा काढून दिले. ती रोज मोरीवर जायची, त्याचा निरोप घ्यायची, घरी येऊन काम करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोरीवर. आणि मग तिने झेला बदलला. तेव्हापासून झेला आधी विचारतो, मोजणी कुठून आहे? उत्तर दिल्याशिवाय एक अक्षर कापत नाही. लोक वैतागले. बाकीची हत्यारं काहीतरी गृहीत धरून चालू लागतात, तुमचंच का अडून बसतं, असं पानावर किती जणांनी लिहिलं. एकाने तर ‘हे सॉफ्टवेअर आहे की माझी सासू?’ असं विचारलं. अक्काने त्याला एका ओळीत उत्तर दिलं. ‘सासू. आता सांगा, कुठून मोजलंत?’

तिचं आजारपण लांबलं. बेळगावला उपचार व्हायचे, दर फेरीनंतर ती आणखी बारीक दिसायची. पानावरची उत्तरं मात्र थांबली नव्हती. तेव्हा जोयड्यात रेंज सुधारली होती आणि ती खाटेवरूनच लिहायची. मधल्या काळात तिने झेल्याची किल्ली, म्हणजे तो बदलण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार, मला दिला होता. मी ते फार मनावर घेतलं नाही. आमची शेवटची भेट मिरी वाळत घातलेल्या दिवसांत झाली. अंगणभर चटया होत्या, हिरवे दाणे काळे पडत होते. ती डोक्याला रुमाल बांधून खुर्चीत बसली होती आणि हातातल्या काठीने कोंबड्या हाकत होती.

“मी गेल्यावर झेला बंद कर,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “मी बघेन की, अक्का. मला येतं आता.”

“येतंय गं तुला. पण तुला तुझं काम हाय. चार महिने बघशील, मग एक दिवस कुणाचं तरी उत्तर द्यायचं ऱ्हाईल. आपण तिथं काय लिवलंय? मला विचारा. आणि विचारायला कोणच नसलं तर? चालू दिसतंय म्हणून लोक भरवसा ठेवत्यात, अश्वे. आणखी एका पोराचं वर्ष जाऊ नये.”

मी हूं म्हटलं.

“हूं नको. तोंड उघड.”

“करते.”

“काय करतीस?”

“बंद करते.”

“आता कसं,” ती म्हणाली आणि चटईवर आलेल्या कोंबडीला तिने काठी उगारली.

बंद करणं म्हणजे फार काही नसतं. एक बटण असतं. ते दाबलं की प्रश्नांचं पान कुलूपबंद होतं, वर एक पट्टी येते आणि नवा प्रश्न कुणालाच लिहिता येत नाही. हत्यार तिथेच पडून राहतं, ज्याला हवं त्याने आपल्या जबाबदारीवर उचलावं. पण घरात आता कोणी राहत नाही, एवढं दारावरून कळतं. दिवसकार्य आटोपून मी बंगळुरूला परतले आणि पहिल्याच सकाळी ते पान उघडलं. बटणावर बोट ठेवायच्या आधी ती विद्यार्थिनी दिसली, वेळ मिळेल तेव्हा बघाल का विचारणारी. म्हटलं, हिला आधी उत्तर देऊ. दिलं, माझ्या नावाने. तासाभरात तिचं उत्तर आलं, ‘खूप आभार, शैला!’ तिने नाव वाचलंच नव्हतं. तिथे तिला शैलाच भेटत आली होती...

मग दुसरा प्रश्न आला, तिसरा आला. सगळ्यांची सुरुवात ‘प्रिय शैला’. मी उत्तरं देत राहिले. दिवसभर प्रयोगशाळेत मी कुणाशी फारशी बोलत नाही. खोलीवर मी एकटी असते. मला माहीत असलेल्या जगात अक्काचं नाव आता कुणी घेत नव्हतं. घरी फोन केला तर बाबा ‘ती’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. फक्त या पानावर, मला कधीही न दिसणारी माणसं तिला रोज हाक मारत होती. ते पान बंद केलं की ती हाकही बंद. बटण रोज समोर असायचं. तिला दिलेला शब्द आठवायचा आणि मी उद्यावर टाकायचे. अक्काने सांगितलेले चार महिने काही लांब नव्हते, हे मला कळत होतं. एकदा कामाच्या गर्दीत कुणाचा तरी प्रश्न काही दिवस तसाच राहिला. त्या माणसाने शेवटी लिहिलं, ‘उत्तर नाही, म्हणजे माझं बरोबर आहे असं धरून मी पुढे जातो.’ ते बरोबर नव्हतं. मी धावत उत्तर दिलं. तो थांबला.

त्याच आठवड्यात रजा घेऊन मी जोयड्याला गेले. काकी चुलीपुढे होती. माझं ताट वाढून समोर बसली. तिची सवय अशी की जेवणाऱ्याकडे बघत बसायचं आणि मधेच काहीतरी विचारायचं. तिने विचारलं, “शैलीचं ते कॉम्प्युटरवरचं चाललंय काय अजून?” मी म्हटलं, चालू आहे, लोक अजून तिला विचारतात. काकीने हातातला डाव खाली ठेवला.

“कोण विचारतंय?”

मी आठवतील ती गावं आणि देश सांगितले. तिला त्यातलं कुठलंच माहीत नव्हतं, पण प्रत्येक नावाला ती मान हलवत होती, पाहुण्यांची गावं ऐकावीत तशी.

“आणि त्यास्नी खबर दिली न्हाईस?”

नाही म्हणून मी मान हलवली.

“अगं, असं करत्यात व्हय?” काकीचा आवाज चढला. “तुझा आज्जा गेला तवा फोन हुता काय हितं? रानातनं माणूस चालत गेला पाहुण्यांस्नी सांगायला. दोन डोंगर चढून गेला. किती का लांबचं असंना, खबर द्यायला लागतीय. ऐकल्याबिगर माणसानं आंघोळ कशी करायची? रडायचं तरी कसं? ती बिचारी तिकडं तिची वाट बघत बसली असतील...” मग हळू आवाजात, “मला वाटलं, तू दिली असशील. तुला त्यांची भाषा येती.”

झेला बंद करायचा म्हणजे अक्काचं दार लावायचं, असंच मी आतापर्यंत धरून चालले होते. काकीला दाराचं काही पडलं नव्हतं. तिच्या लेखी माणसं ताटकळत ठेवली होती, एवढाच प्रश्न होता.

जेवण झाल्यावर मी अक्काच्या खोलीत गेले. काकी खोली रोज झाडते, पण टेबलावरचं काही हलवत नाही. मी तिचंच मशीन सुरू केलं आणि लिहायला बसले. आमच्या धंद्यात अशा वेळी लिहायचं एक ठरलेलं वाक्य आहे, या सॉफ्टवेअरची यापुढे देखभाल होणार नाही. ते मी आधी लिहिलं. वाचलं आणि खोडलं. मग लिहिलं, ‘शैला वारली. तुमच्यापैकी अनेकजण अजून तिला विचारत आहात, म्हणून कळवते आहे. ती नसताना झेला चालू राहू नये ही तिची इच्छा होती, कारण विचारायला कोणी नसताना कुणी त्याच्यावर भरवसा ठेवू नये असं तिला वाटे. हे पान उद्या संध्याकाळी बंद होईल. तोवर काही विचारायचं असेल तर विचारा.’ खाली माझं नाव घातलं, आणि तिची बहीण असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पानावर बरीच माणसं येऊन गेली. कुणी नुसतं वाईट वाटलं एवढंच लिहिलं. तिने आपल्याला कसं समजावलं होतं ते कुणी सविस्तर लिहिलं. ती पुरुष आहे असं आपण इतकी वर्षं समजत होतो, असंही एकाने लिहिलं. मी एकेक वाचून काकीला मराठीत सांगत होते. ती दारात बसून मिरी निवडत होती. मधेच एकाने लिहिलं, ‘ऐकून फार वाईट वाटलं. जाता जाता, दाबून लहान केलेली फाइल दिली तर झेला थांबतो, काय करावं?’ मला आधी रागच आला. काकीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग? त्याचं काम अडलंय नव्हं? सांग की.” मी त्याला फाइल आधी मोकळी करून घ्या म्हणून सांगितलं, कशी ते लिहिलं. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं, ‘झालं. धन्यवाद, अश्विनी.’

मी ती ओळ दोनदा वाचली. खबर पोचली होती.

ऊन उतरल्यावर मी बटण दाबलं. मशीनने खरंच बंद करायचं का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. वर पट्टी आली. लिहायची जागा पानावरून नाहीशी झाली. मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. बाहेर कोंबड्या खुराड्यात शिरायला लागल्या होत्या. काकी उठून स्वयंपाकघरात गेली. तिच्या भांड्यांचा आवाज सुरू झाला... आणि वीज गेली. टेबलाखालचा यूपीएस मोठ्याने टीं टीं करायला लागला.

“शैले, करंट गेला बग!” काकीने चुलीपुढून हाक मारली, रोजच्यासारखी. “सेव कर गं आदी!”

भांड्यांचा आवाज थांबला. यूपीएस वाजत होता.

“केलं, काकी,” मी म्हटलं.

जरा वेळाने भांडी पुन्हा वाजायला लागली.